उन्हात ठेवलेला माग

१२ एप्रिल १९९८, रविवार

मिलच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं लिहिण्याचंच काम केलं, पण ते दुसऱ्यांच्या येण्याजाण्याचं. स्वतःचं असं काही कधी लिहिलं नाही. आज बसलो, कारण मनातलं बोलायला घरात कुणी उरलेलं नाही. यशूला ऐकू येतं, पण पोहोचतं की नाही ते समजत नाही. कमलला सांगायला जावं तर ती म्हणते, "आता नका काही सांगू हो, माझं डोकं पकलंय."

सकाळी देवासहून रामभाऊ आले होते. कमलचे थोरले भाऊ. उज्जैनच्या पुढे कुठलासा आश्रम आहे, तिथे यशूसारखी मुलं ठेवून घेतात म्हणे. ते स्वतः बघून आलेत.

"दौलतराव, माझ्यावर नाराज होऊ नका," ते म्हणाले. "चोवीस वर्षांच्या मुलाला रोज न्हाऊमाखू घालायचं म्हणजे मजाक आहे का? बहिणीची हालत बघवत नाही मला."

मी म्हटलं, डॉक्टर सांगतात की ओळखीच्या वस्तू, ओळखीचे आवाज त्याच्यासमोर येऊ द्या. कधी काय जागं होईल सांगता येत नाही.

"येऊ द्या ना. कोण नाही म्हणतंय? पण मेच्या शेवटच्या आठवड्यात मी जीप घेऊन येतो. तोवर फरक पडला तर चांगलंच आहे, नाहीतर मग अडवू नका."

मी कमलकडे पाहिलं. ती यशूच्या हनुवटीवर सांडलेलं वरण पुसत होती. तिने मान वर केली नाही. म्हणजे बहीणभावाचं आधीच बोलणं झालं होतं.

१४ एप्रिल

ओळखीचा आवाज. सकाळच्या पूजेतही हाच शब्द डोक्यात घोळत होता, आणि गंध उगाळताना एकदम आठवलं. माग!

हे नीट लिहून ठेवतो. मिलला कुलूप लागलं तेव्हा यशू कॉलेजात होता. मी दिवसभर ओसरीत बसून राहायचो. मी काही मागावर बसलेला माणूस नव्हे, पण एवढी वर्षं त्या खडखडाटाशेजारी काढल्यावर घरातली शांतता अंगावर यायची. मला बाहेर काढायचं म्हणून यशू रविवारी सियागंजाकडे घेऊन जाऊ लागला. तिथल्या कबाड्यांकडे तेव्हा कंपन्यांचे, बँकांचे जुने कॉम्प्युटर यायला लागले होते. सगळ्यांना नवीन पाहिजे होतं, आणि जुनं पोत्याच्या भावात निघत होतं. आम्ही एकेक घरी आणायचो. बाहेरचं काम माझं: धूळ काढायची, गंज खरवडायचा, कार्डांच्या धातूच्या पट्ट्या खोडरबराने घासून चमकवायच्या. आतलं काम त्याचं. एखादं मेलेलं मशीन पुन्हा उजळलं की आम्ही दोघं बापलेक चहा करून प्यायचो. आज वरच्या खोलीत अकरा मशीनं आहेत. कमल त्यांना डबडी म्हणते.

बारावं यशूने स्वतः बनवलं. त्या कबाडातूनच सुटे भाग काढून, उघड्या बोर्डावर. टीव्हीला जोडून चालू केलं की पडद्यावर एक धोटा इकडून तिकडे पळायचा, एकेक ओळ विणली जायची, आणि छोट्या स्पीकरमधून खट्-खट्, खट्-खट् मागाचा आवाज. "बाबा, घ्या तुमची मिल," म्हणाला होता. खालून कापड वाढत जायचं, आणि काठ दर वेळी वेगळा. हे कसं होतं ते मी कितीदा विचारलं. तो नुसता हसायचा.

गेल्या ऑगस्टात महूला कुणाकडे तरी जुनं मशीन निघालंय असं कळून तो स्कूटरवर गेला, आणि रस्त्यात ट्रकने उडवलं. डोक्याला मार बसला, तेव्हापासून तो असा आहे. त्यानंतर कमलने तो माग पत्र्याच्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकला. मी हरकत घेतली नाही.

तो आवाज यशूच्या कानावर पडला तर? दत्तगुरूंनीच सुचवलं असलं पाहिजे.

१५ एप्रिल

ट्रंक उतरवली. मागच्या पावसाळ्यात माळ्यावर कौल फुटलं होतं, ते पाणी थेट ट्रंकेत. तळाशी फ्लॉप्यांची चवड बुरशीने एकमेकींना चिकटलेली. बोर्डावर पांढरट-हिरवा थर. वास असा की जीव घाबरा झाला.

बोर्डाच्या मधोमध चार मोठ्या काळ्या आयसी चिप्स आहेत, प्रत्येकीवर कागदाची पट्टी. तिच्यावर यशूच्या अक्षरात माग १, माग २, माग ३, माग ४. ओलीने कागद सुटत आलाय आणि शाई फुटतेय. त्याचं अक्षर आता घरात फारसं कुठे नाही. आणखी खराब होण्याआधी ब्लेडच्या टोकाने चारही पट्ट्या अलगद सोडवल्या, टिपकागदावर वाळवल्या आणि पोथीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवल्या. एकही फाटली नाही.

पट्ट्यांखाली गंमत दिसली. प्रत्येक आयसीला बारीक गोल काच आहे आणि आत सोनेरी चौकोन, देव्हाऱ्यातल्या टाकासारखा. एवढं सुंदर काम याने पट्टीखाली का झाकलं असेल?

१९ एप्रिल, रविवार

सियागंजात बंटीकडे गेलो. त्याचं कबाडाचं दुकान, यशूची तिथे रोजची बैठक असायची. मला बघून तो गल्ल्यावरून उठला.

"आओ काका! यश भिया कैसे हैं?"

"आहे तसाच आहे."

त्याने चहा मागवला. मला त्याच व्होल्टेजचा पॉवर सप्लाय पाहिजे होता. बंटीने अर्धं दुकान उपसलं. "काका, अब तो पेंटियम का जमाना है, इसको कौन पूछता है? मैं तो भंगार में तोड़ देता हूँ." तरी शोधून दिला, वर म्हणाला, "भिया ठीक हो जाएँ तो बोलना, बंटी ने दिया था. मेरा कीबोर्ड भी उन पे उधार है."

परत येताना दुकानाचे शेठ दिसले. जिथे मी हिशेब लिहितो तेच. "रविवार को भी कबाड़, दौलतराव?" म्हणाले. मी हसलो.

२१ एप्रिल

स्पिरिटने आणि दात घासायच्या ब्रशने बोर्ड साफ केला. वरचं गेलं, पण ओल आत मुरलेली आहे. सॉकेटच्या फटीतून अजून वास येतो. अशा वस्तूला घाई केली तर करंट लागताच जळेल.

आई काय करायची? आमच्या गावात, देपालपुराकडे, चैत्र सरला की घरातलं सगळं अंगणात निघायचं. डाळी, गोधड्या, पोथ्यासुद्धा. ओल, कीड, बुरशी, सगळ्यावर एकच औषध: ऊन. माळव्याचं वैशाखातलं ऊन लागलं की लाकूडसुद्धा कोरडं ठक्क वाजतं. उद्यापासून बोर्ड गच्चीवर.

२३ एप्रिल

कमलचंही वाळवण सुरू झालंय. एका खाटेवर तिच्या कुरडया, दुसऱ्या खाटेवर पांढऱ्या धोतरावर माझा बोर्ड. सकाळी आठला मांडतो, दुकानातून जेवायला आलो की दिशा बदलतो, संध्याकाळी गुंडाळून आत. काचा असलेली बाजू वर ठेवतो. जणू ऊन आतवर जावं म्हणूनच त्या बसवल्यात.

यशूला एकट्याला खाली सोडवत नाही म्हणून कमल त्यालाही वर आणून छपराच्या सावलीत बसवते.

२५ एप्रिल

जेवायला आलो तर बोर्ड पालथा. कमल म्हणाली, "तुमच्या चिरंजीवांनी केला." त्याची ही सवय झालीच आहे. पेला दिसला की पालथा, वाटी दिसली की पालथी. परवा माझी चप्पल पालथी घातली होती. मी बोर्ड सुलटा केला आणि म्हटलं, "यशू, तुझाच आहे बाळा, वाळतोय, हात नको लावू." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

आज घरीच होतो. त्याने तीनदा पालथा घातला. तिन्ही वेळा मी सुलटा केला. चौथ्या वेळी खांद्यावरचा पंचा काढून त्यावर टाकला. मी पंचा काढला की तो पुन्हा टाकायचा. शेवटी त्याला खुर्चीत बसवून हात धरून ठेवले. तो ते हिसकत राहिला. उन्हाचा त्रास होत असेल.

२९ एप्रिल, अक्षय तृतीया

सणाच्या दिवशी असं व्हायला नको होतं.

कमलने पुरणाचा स्वयंपाक आटोपून उरलेल्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या. आम्ही खाली नैवेद्य दाखवत होतो. वर आलो तर यशू खाटेजवळ उकिडवा बसलेला. ओल्या कुरडया उचलून त्याने बोर्डावर थापल्या होत्या, बरोबर मधल्या आयसींवर. चार कुरडया. आणखी एक हातात होती.

मी ओरडलो. आठ दिवसांची मेहनत, आणि त्यावर ओला चीक! पण माझ्याआधी कमल पोहोचली आणि तिने त्याच्या गालावर जोरात चापट मारली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग स्वतःच तिथे बसून रडायला लागली. "मला नाही होत आता. देवा, मला नाही होत."

मी त्याला खाली नेलं, खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. बोर्ड धुऊन पुन्हा उन्हात ठेवला. दुपारभर तो दार वाजवत होता. ठरावीक अंतराने, दमून न जाता. नैवेद्याचं ताट तसंच राहिलं.

३ मे, रविवार

मी गच्चीवर असलो की त्याच्या दाराला कडी असते. कमल म्हणते, आश्रमात तरी वेगळं काय करतात. 

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून ती माझ्याजवळ येऊन बसली.

"अहो, तुम्ही माझ्यावर रागावलात का? रामदादाला मी हो म्हटलं म्हणून?"

"नाही."

"मी आई आहे त्याची. पण रोज सकाळी उठले की पहिला विचार येतो, आजचा दिवस कसा जाईल. कुणी आपल्या पोराबद्दल असा विचार करतं का?"

मी तिला म्हटलं, माग चालू होऊ दे. फक्त तेवढं होऊ दे.

"आणि नाही ऐकलं त्याने तर?"

ऐकेल, मी म्हणालो. एवढ्या जोरात मी आजवर देवाबद्दलसुद्धा बोललो नसेन.

५ मे

बोर्ड खडखडीत कोरडा. वास गेला. सोनेरी चौकोन लखलखतात. उन्हात आयसींवरचे ओलीचे डागसुद्धा गेले. पौर्णिमेला चालू करायचा.

११ मे, सोमवार, वैशाख पौर्णिमा

लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी अंघोळ करून बोर्डाला हळदकुंकू लावलं. थोडंसंच, कडेला. मिलमध्ये दसऱ्याला मागांना लावायचे तसं. टीव्ही जोडला. यशूला समोर बसवलं. कमल दारात पदर तोंडाला लावून उभी. मी दत्ताचं नाव घेऊन बटण दाबलं.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा गोंधळ. धोटा नाही. स्पीकर गप्प. पुन्हा बंद करून चालू केलं. प्रत्येक वायर हलवली. पॉवर बदलून पाहिली. आयसी काढून, पाय खोडरबराने पुसून परत बसवल्या. तेच चौकोन.

यशू पडद्याकडे बघत होता. मग उठला, भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. कमल स्वयंपाकघरात गेली.

कदाचित सोवळं नीट पाळलं गेलं नाही. तृतीयेला नैवेद्य टाकून मी वर धावलो होतो, तो दोष असेल.

१२ मे

पोखरणच्या बातमीने बाजारात पेढे वाटत होते. शेठने माझ्या हातावर दोन ठेवले. "खाओ दौलतराव, आज तो खुशी का दिन है." मी खिशात ठेवले आणि विसरलो. घरी येईतो त्यांचा चुरा झाला होता.

१३ मे

रोज पोथीसमोर बसतो. वाचून होतं, आत काही जात नाही. पुठ्ठ्यावरच्या चार पट्ट्यांवरच नजर जाते. आश्रमाला किती कपडे लागतात ते रामभाऊंनी शेजाऱ्यांच्या फोनवर कमलला सांगितलं.

१४ मे

निवेदिता आठवली. यशूच्या वर्गातली, हा माग बनवताना तीही घरी येत असे. आता पुण्याला नोकरीला असते, सुट्टीत इंदोरला आलीय असं बंटीकडून समजलं. पीसीओवरून तिला फोन केला. "काका, रविवारी येते," म्हणाली. एका आशेवर दिवस काढणं किती वाईट असतं.

१७ मे, रविवार

निवेदिता आली. आधी यशूजवळ जाऊन बसली, त्याचा हात हातात घेऊन पुष्कळ वेळ. मग वर आली. चारही आयसी काढून तिने सोबत नेल्या, कॉलेजमध्ये त्या वाचायचं यंत्र आहे. दुपारी परत आली तेव्हा पायऱ्या फार हळू चढत होती.

"काका, यांच्यावरच्या पट्ट्या कुठे गेल्या?"

मी अभिमानाने पोथी आणून दाखवली. एकही फाटली नाही, म्हटलं.

तिने ओठ दाबून धरले. "आणि यांना ऊन लागलं का कुठे? जास्त वेळ?"

"चांगलं दोन आठवडे दिलं. वैशाखाचं ऊन आहे बेटा, कोरडं ठक्क झालंय सगळं."

ती आयसी एकेक करून समोर मांडू लागली. मीच म्हटलं, "काय असेल ते सांग."

"काका, ही काच असते ना, ती पुसण्यासाठीच असते. आत लिहिलेला प्रोग्रॅम काढून टाकायचा असला की काचेवर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडतात. उन्हात तो असतोच. म्हणून वर पट्टी लावतात. चारही कोऱ्या आहेत."

"पुन्हा लिहिता येईल?"

"ते यशने लिहिलं होतं. माझ्याकडे नाहीये. त्याच्या फ्लॉपीत असेल."

फ्लॉप्या मी ट्रंकेसकट फेकल्या होत्या.

खाली यशूच्या खोलीत पंखा चालू होता, त्याचा आवाज ऐकू येत होता. कमल चहाचा ट्रे घेऊन दारात केव्हाची उभी होती. ती कॉम्प्युटरला डबडं म्हणते, तिला त्यातलं काही कळत नाही. ती एवढंच म्हणाली,

"म्हणजे तो झाकत होता."

ट्रे तिने हळूच जमिनीवर ठेवला. "अहो, तो झाकत होता हो. आणि मी त्याला मारलं."

१८ मे

दुकानात गेलो नाही.

पालथा घालत होता. पंचा टाकत होता. चार काचांवर चार कुरडया. दार वाजवत होता. त्याला सगळं समजत होतं, आणि मी खाली येऊन कडी तपासत होतो.

२० मे

कमलने त्याच्या दाराची कडी स्क्रू काढून उखडून टाकली. मला सांगितलं, "तुम्ही त्याला सांगा काय झालं ते. त्याला कळायला पाहिजे." मी म्हटलं, उद्या. त्याला कळत असेल तर मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि कळत नसेल तर सांगून काय?

२२ मे

सांगितलं नाही. रामभाऊंचा निरोप आला, रविवारी सकाळी येतो. कमल म्हणाली, "त्यांना येऊ द्या. मी बघते." पण संध्याकाळी यशूचे कपडे घडी घालून खाटेवर ठेवलेले दिसले. विचारलं तर म्हणाली, "मला काहीच समजत नाही. एकदा वाटतं तो आत आहे. एकदा वाटतं आपण आपल्या सोयीने समजून घेतोय." मलाही रात्रंदिवस तेच वाटतं. कुरडया चार होत्या, पण पाचवीही त्याच्या हातात होतीच.

२४ मे, रविवार

जीप नऊला आली. रामभाऊ ओसरीत बसले, पाणी प्यायले. "तयारी आहे ना?" कमलने माझ्याकडे पाहिलं. आता सांगितलं नाही तर पुढे कधीच सांगता येणार नाही, हे मला कळलं.

मी यशूच्या खोलीत गेलो. तो खाटेवर बसला होता. मी खाली फरशीवर बसलो, बोर्ड मांडीवर घेतला.

"यशू, माग गेला. सगळा पुसला गेला. तू झाकत होतास, मी उघडा करत होतो. तुला कोंडलं मी. मला माहीत नव्हतं रे. पण तू सांगत होतास आणि मी बघितलं नाही."

तो पडद्याकडे बघतो तसा समोर बघत होता. मी म्हटलं, "पुसणारा मीच."

मग त्याने मान वळवली. हळूहळू, दुखावल्यासारखी. माझ्या डोळ्यांत पाहिलं. नऊ महिन्यांत त्याने कुणाच्याही डोळ्यांत पाहिलं नव्हतं. माझ्या मांडीवरचा बोर्ड दोन्ही हातांनी उचलला, काचा वर करून बघितल्या, एकेक, चारही. आणि तो बोर्ड माझ्या तोंडावर मारला.

कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात आलं. आवाजाने रामभाऊ धावत आले, त्यांनी यशूचे दंड मागून धरले. "बघा! आता मारायला लागला! कमल, पाहिलंस ना? आज यांना लागलं, उद्या तुला लागेल. उचला, आत्ताच नेऊ या."

"सोडा त्याला," मी म्हटलं.

"अहो, रक्त निघतंय तुमचं!"

"रामभाऊ, सोडा. तो माझ्यावर रागावलाय. त्याचा हक्क आहे."

कमल मध्ये येऊन उभी राहिली. भावाचे हात तिने एकेक बोट सोडवून काढले. "दादा, जीप घेऊन जा. चहा नाही देत आज, माफ कर." रामभाऊ मला, तिला, आम्हा सगळ्यांना वेडे म्हणाले. कदाचित बरोबरही असतील. दारातून पुन्हा म्हणाले, "उद्या माझ्या नावाने रडू नका." जीप गेली.

यशू परत तसाच झाला होता. समोर बघत. दुपारभर तसाच. मी कपाळाला पट्टी बांधून त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसलो. देवाकडे काही मागायचं धाडस झालं नाही. जे झालं ते चांगलं की वाईट हेही मला माहीत नाही. निवेदिता म्हणते, एवढ्यावरून काही ठरत नाही. डॉक्टरही तेच म्हणतील.

संध्याकाळी कमलने वरणभात कालवला. तिच्या हातून त्याने घास घेतला, रोजच्यासारखा. मग ती ताट माझ्याकडे सरकवून भाकरी टाकायला गेली. मी घास पुढे केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळवलं. मी हात तसाच धरून ठेवला. त्याने घेतला नाही. कमल परत आली, तिने तोच घास माझ्या हातातून काढून त्याला दिला आणि त्याने तो खाल्ला.

उद्या सकाळी पहिला घास पुन्हा मीच देणार आहे.